घोडबंदरची ताडी आणि डोंबिवलीची बिअर

ठाण्याच्या माजिवड्यापासून निघून येऊरच्या डोंगराच्या पायथ्याने गायमुखाकडे व तेथून घोडबंदरच्या जुन्या किल्ल्याकडे जाणारा जो रस्ता, त्याच्या एका अंगास अरण्य आणि दुसऱ्या अंगास वसईची खाडी आहे. अरबस्तानातून येणारे घोडे या बंदरात उतरत, म्हणून हे घोडबंदर, अशी नावाची उपपत्ती सांगण्यात येते. पोर्तुगीजांनंतर १७३७ साली हा मुलूख मराठ्यांच्या हाती आला आणि १७७४ च्या अखेरीस ठाणे इंग्रजांनी घेतले. राज्ये अशी बदलली, तरी खाडीकाठचे ताड आणि माड त्याच जागी उभे होते, आणि त्यांच्यावर चढणारा भंडारीही तोच होता. आज त्या ताडांच्या जागी पंचवीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांच्या तळाशी असलेल्या उपाहारगृहांतून संध्याकाळी बिअरचे पेले भरले जातात. बिअर या प्रदेशात परकी आहे, यात शंका नाही. परंतु आंबवलेले सौम्य पेय गावच्या गावी तयार करून गावच्या गावी पिणे, ही गोष्ट मात्र येथे मुळीच नवी नव्हे. ती मध्यंतरी जवळजवळ नाहीशी का झाली, हाच या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

माडापासून निघते ती माडी, ताडापासून ताडी आणि शिंदीच्या झाडापासून शिंदी. तिघींची जात एकच. भंडारी कमरेस कोयता आणि मडके बांधून झाडावर चढतो, फुलोऱ्याची कोवळी पोय दोरीने आवळून बांधतो, ती हलक्या हाताने ठोकून मऊ करतो आणि तिच्या टोकाची पातळ चकती रोज सकाळ-संध्याकाळ कापतो. त्या कापातून थेंब थेंब रस खाली टांगलेल्या मडक्यात पडत राहतो. मडक्यास आतून चुना लावला असेल तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर हवेतील आणि मडक्यातील किण्व आपले काम तत्काळ सुरू करते. सूर्य वर येईतो रसास फेस येतो, दुपारपर्यंत ती चांगली चढू लागते आणि दुसऱ्या दिवशी तिचा शिरका होण्याच्या मार्गास लागतो. म्हणजे ताडी ही साठवण्याची वस्तू नव्हे, आणि दूर धाडण्याची तर नव्हेच. जेथे झाड, तेथेच ती प्यावयाची. साष्टी व वसईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतून हीच ताडी फुग्यांचे पीठ फुगविण्यासाठी वापरीत, आणि तिचा शिरका स्वयंपाकात पडे. आंबोळीचे पीठ रात्री भिजत घालणाऱ्या गृहिणीस यात नवल वाटण्यासारखे काही नाही. तीच ही क्रिया, फक्त तिचे फळ निराळे.

बिअरची कृती याहून अधिक खटपटीची आहे. ताडाच्या रसात साखर तयारच असते. जवात ती नसते, असतो तो पिष्टांश. म्हणून जव भिजवून त्यांस मोड आणावयाचे, ते वाळवून भरडावयाचे, गरम पाण्यात मुरवून त्यांतील पिष्टाची साखर होऊ द्यावयाची, मग तो गोड काढा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळून, निववून, त्यात किण्व सोडावयाचे. हॉप्समुळे कडवटपणा येतो आणि पेय टिकतेही. धान्यापासून सुरा करण्याची विद्या आपल्याकडे अज्ञात होती असे मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात तांदूळ आणि किण्व यांपासून होणाऱ्या मेदकाचे प्रमाण दिलेले आहे. त्याच प्रकरणात आणखी एक लक्षणीय तरतूद आढळते. सुरेचा व्यवहार सरकारच्या ताब्यात ठेवावा असे सांगणारा हा कठोर ग्रंथकार, घरच्या मंगलकार्यात गृहस्थास स्वतःपुरती श्वेतसुरा करू द्यावी, आणि उत्सव व यात्रांच्या वेळी चार दिवस सुरा करण्याची मोकळीक असावी, असेही सांगतो. महसूल हवा, परंतु घरची चूल मोडू नये, एवढा विवेक त्या व्यवस्थेत होता.

इंग्रजी अमलात हा विवेक उरला नाही. गोऱ्या शिपायांसाठी बिअर प्रथम विलायतेहून गलबतांतून येई. लंडनच्या हॉजसनने आणि पुढे बर्टनच्या कारखानदारांनी हिंदुस्थानासाठी मुद्दाम अधिक हॉप्स घातलेली जी बिअर पाठविली, तिचे नाव आजही ‘इंडिया पेल एल’ असेच आहे. पुढे १८५५ च्या सुमारास एडवर्ड डायर याने कसौलीच्या थंड हवेत देशातील पहिला मोठा कारखाना काढला. (जालियनवाला बागेतील डायर तो याचाच मुलगा.) या सर्व पेयांचा ठाण्याच्या आगरी, कोळी अथवा वारली माणसाशी काही संबंध नव्हता. त्याचा संबंध आला तो अबकारी खात्याशी.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीचे झाड हे मालकाचे असूनही त्याचा रस सरकारच्या हिशेबाचा विषय झाला. झाडामागे कर बसला आणि रस काढण्यास परवाना आवश्यक ठरला. झाड थोडे पाझरो वा पुष्कळ, कर ठरलेला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू गाळण्याचे काम उरणच्या मोठ्या भट्ट्यांत एकवटले, आणि मोहाच्या फुलांपासून तेथे निघणारी तीव्र दारू मक्तेदारांमार्फत ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील दुकानांत पोचू लागली. कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त महसूल, हे अबकारी खात्याचे ब्रीद म्हणून मिरविले जाई. व्यवहारात घडले ते असे की, सौम्य, ताजी आणि स्वस्त ताडी महाग व अवघड झाली, आणि गाळलेली दारू गावच्या दुकानात सहज मिळू लागली. पिणाऱ्याची रुची बदलली असे म्हणण्यापेक्षा कराच्या कोष्टकाने ती बदलविली, असे म्हणणे अधिक खरे.

याच धोरणाचे दुसरे पाऊल १८९२ साली पडले. त्या वर्षीच्या मोहडा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करणे व बाळगणे यांवर बंधने घातली. हेतू चोरटी दारू थांबविण्याचा. परंतु मोहाचे फूल हे येऊरपासून जव्हारपर्यंतच्या आदिवासींस केवळ दारूचे साधन नव्हते. टंचाईच्या महिन्यांत ते खाण्याचे अन्न होते. आपल्याच रानात पडलेले फूल उचलणारा माणूस गुन्हेगार ठरला, आणि उरणच्या भट्ट्यांस लागणारी फुले मात्र गुजरातेतून, पंचमहालांकडून येत राहिली. इतका उघड अन्याय अबकारीच्या इतिहासातही विरळाच.

दारूविरुद्धच्या चळवळीस येथे कमी लेखण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत वाढत्या दारूच्या दुकानांस हरकत घेतली होती. १९०८ साली टिळकांच्या अनुयायांनी त्याच शहरात दुकानांपुढे निरोधने केली. त्यांचा रोख सरकारी महसुलाच्या लोभावर होता, आणि दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली. १९४९ च्या कायद्याने व ६ एप्रिल १९५० पासून ती सर्व इलाख्यात लागू झाली. या वेळी ताडी आणि गाळलेली दारू यांत भेद राहिला नाही. भंडाऱ्यास नीरा काढण्याची व ताडगूळ करण्याची वाट दाखविण्यात आली. कित्येक वर्षे रेल्वेच्या स्थानकांवरील नीरेचे ठेले ही मुंबई-ठाण्याच्या प्रवाशांची सकाळची ओळख होती. परंतु नीरा सूर्योदयानंतर टिकत नाही, आणि पिढीजात धंदा ठेल्यावर चालत नाही. झाडे राहिली, चढणारे कमी झाले.

१९६० नंतरच्या दशकात बंदीचे बंधन ढिले झाले. कायदा मात्र कायम आहे आणि त्याप्रमाणे मद्य पिणाऱ्यास आजही परवाना लागतो. ही गोष्ट कित्येक पिणाऱ्यांस ठाऊक नसते, ही यातील मौज. ढिलाईचा लाभ मोठ्या कारखान्यांस झाला. बाटलीतील बिअर सर्वत्र पोचली. तिच्यात चवीपेक्षा तीव्रतेस महत्त्व आले, आणि देशात खपणाऱ्या बिअरीत तीव्र बिअरीचाच वाटा फार मोठा झाला.

लहान प्रमाणावर, एका जागी, निरनिराळ्या चवीची बिअर करण्याची कल्पना महाराष्ट्रात २००९ साली पुण्यास रुजली. त्या पेयगृहाचे नाव ‘डूलॅली’. हा शब्द इंग्रजी दिसतो, तरी तो मूळचा आपला आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट पाहात महिनेच्या महिने अडकून पडलेल्या गोऱ्या शिपायांची डोकी फिरत, त्यावरून वेड लागणे या अर्थी त्यांनी देवळालीचे डूलॅली केले. २०१३ साली मुंबईत लोअर परळला असे पेयगृह निघाले. २०१४ च्या सुमारास तर डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या कारखान्यांच्या शेजारी, ‘गेटवे ब्रूइंग’ या मंडळीने आपली भांडी मांडली. त्यांची योजना निराळी होती. स्वतःचे पेयगृह न काढता पिंपे भरून मुंबईच्या पेयगृहांस पुरवावयाची. त्यांच्या गव्हाच्या बिअरीस जर्मन पद्धतीच्या किण्वामुळे केळ्याचा व लवंगेचा वास येतो, फळ किंवा मसाला यत्किंचितही न घालता. हा चमत्कार केवळ सूक्ष्म जीवांचा आहे. डोंबिवली म्हणजे सकाळची गर्दीची लोकल आणि चाकरमान्यांची बिऱ्हाडे एवढीच ज्यांची समजूत, त्यांस हा तपशील विलक्षण वाटेल.

तथापि या नव्या धंद्यात एक फरक आहे. जव येतात राजस्थान-हरियाणाकडून, हॉप्स येतात समुद्रापलीकडून, भांडवल आणि परवाना शहरी माणसाचा, आणि एका पेल्याची किंमत मजुराच्या आवाक्याबाहेरची. स्थानिक असते ते पाणी आणि कौशल्य. उलट ज्या पेयाचे सारे काही स्थानिक, त्याची अवस्था पाहावी. परवान्याची ताडीकेंद्रे अद्याप आहेत. परंतु झाडे थोडी आणि मागणी मोठी, म्हणून क्लोरल हायड्रेटसारखी घातक भुकटी पाण्यात मिसळून केलेली बनावट ताडी पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात. त्याहून भयंकर घटना चोरट्या दारूच्या आहेत. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. ती बहुतेक हातावर पोट असणारी होती. घोडबंदरच्या ताडावरून सकाळी उतरलेल्या मडक्यात फारतर आंबटपणा अधिक असे. मिथेनॉल त्यात कोणी ओतीत नसे, कारण पिणारा आणि काढणारा एकमेकांस नावाने ओळखत.

खाडीच्या पलीकडे, वसई-पालघरच्या किनाऱ्याने, ताडावर चढणारे अजून काही आहेत. झाडावर उमटलेल्या जुन्या खाचांत पाय रोवून ते वर जातात. नवी पोय बांधली की पहिल्या दिवशी रस फारच थोडा येतो. कापावर काप देत राहावे लागते, तेव्हा पुढे मडके भरते.