पयनघाटातील दृष्टिरेषा

पूर्णेच्या खोऱ्यातील जी काळी, सपाट भूमी निजामाच्या अमलात पयनघाट म्हणून ओळखली जाई आणि जिच्यात आजच्या अमरावती व अकोला जिल्ह्यांचा मोठा भाग येतो, तिच्यात एलिचपूरच्या आसमंतात, इंग्रजी दप्तरांत ‘टाकल खेरा’ असे नोंदलेल्या गावी, 1822 साली विल्यम लॅम्बटनच्या मोजणीदारांनी पायारेषा मापली. मद्रासेस 1802 साली आरंभलेली त्रिकोणांची साखळी येथवर पोहोचली होती.

20 जानेवारी 1823 रोजी लॅम्बटन हिंगणघाटास निवर्तला आणि मोजणीचा कार्यभार जॉर्ज एव्हरेस्टकडे आला. तापाने तो इतका विकल झाला होता की वेधयंत्रापाशी त्याला दोन माणसांनी उचलून बसवावे लागे. तरीही त्याने टाकल खेऱ्यास ताऱ्यांचे वेध घेतले, आणि उत्तरेच्या डोंगरांचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढीत असावे, हेही ताडले. ही निष्ठा मला विलक्षण वाटते.

मोजणीचे मुख्य यंत्र म्हणजे लंडनच्या केरीने घडविलेले, 36 इंची वर्तुळाचे, सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट. जवळची खूण आणि दूरची वस्तू डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. परंतु दुर्बिणीत दूरच्या निशाणाची प्रतिमा ज्या प्रतलात पडते त्याच प्रतलात सूक्ष्म तारा ताणल्या, की डोळा किंचित हलला तरी तार निशाणावरून ढळत नाही.

हाच प्रश्न डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब याने 1900 साली उलट बाजूने सोडविला: प्रकाशित खूण भिंगाच्या नाभीवर ठेवून तिचे समांतर किरण तिरप्या काचेवरून डोळ्याकडे वळविले, तेव्हा ती खूण अनंत अंतरावर, थेट लक्ष्यावरच, उमटली.

नेम धरण्याची ही युक्ती पुढे लढाऊ विमानांत गेली आणि तेथून 1988 साली अमेरिकेत मोटारीत आली, आणि वेगाचा आकडा चालकाला रस्त्यावरच तरंगताना दिसू लागला. मात्र येथे तिरप्या काचेचे काम करणारी मोटारीची पुढची काच वक्र असल्याने प्रतिमा वाकते, म्हणून आतील आरशाला तिची भरपाई करणारा वक्राकार द्यावा लागतो. शिवाय काचेच्या दोन पृष्ठभागांवरून दोन प्रतिमा उमटतात, त्या जुळाव्यात म्हणून मधला पारदर्शक थर वरच्या बाजूस किंचित जाड ठेवतात. तो उतार शे-दीडशे विकलांच्या घरातला असतो. टाकल खेऱ्याच्या मोजणीदारांना तेवढा कोन आपल्या वर्तुळावर सहज वाचता आला असता.