सॅमनचे आतडे आणि सोयाबीनची पेंड

नॉर्वेच्या किनाऱ्यालगत हित्रा नावाचे बेट आहे. तेथे १९७० साली ग्रोन्टवेट बंधूंनी समुद्रात जाळ्याचे पिंजरे सोडून सॅमन मासा वाढविला, आणि त्या देशात एका मोठ्या धंद्याचा पाया पडला. मुंबईच्या रावसालाही इंग्रजीत सॅमन म्हणतात. परंतु दोहोंचे कूळ निराळे. सॅमन हा जातीचा मांसाहारी. त्याला पोसावयाचे तर खाद्यही माशांचेच हवे. त्या काळी जगातील मत्स्यचूर्णाचा मोठा वाटा पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्हेटा या चिमुकल्या माशापासून येत असे. १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांवर गेलेली त्याची पकड १९७३ पर्यंत २० लाख टनांच्या आसपास कोसळली. मासा मारून मासा वाढविण्याचा व्यवहार किती ठिसूळ होता, हे तेव्हा उघड झाले.

मग स्वस्त आणि प्रथिनयुक्त अशा सोयाबीनच्या पेंडीकडे दृष्टी वळली, यात नवल नव्हते. सॅमनच्या आतड्याला मात्र ती मानवली नाही. बाएव्हरफ्योर्ड आणि क्रोगडाल या संशोधिकांनी १९९६ साली या विकाराचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. आतड्याच्या शेवटच्या भागातील अस्तराच्या घड्या आखूड झालेल्या, शोषक पेशींतील नेहमीच्या पोकळ्या नाहीशा झालेल्या, आणि आत दाहाच्या पेशींची दाटी! पेंड बंद केल्यावर मात्र सुमारे तीन आठवड्यांत आतडे सावरे.

दोष प्रथिनांचा नव्हता. संशय सॅपोनिनांवर स्थिरावला. रिठ्याला फेस येतो तो याच वर्गातील द्रव्यांमुळे. अल्कोहोलने धुतल्यावर पेंडीतून ती बहुतांशी निघून जातात, आणि असे शुद्ध केलेले सोयाप्रथिन सॅमनला बरेच सोसते. नॉर्वेत १९९० साली सॅमनच्या खाद्यात सुमारे ९० टक्के घटक सागरी होते. २०१३ मध्ये ते ३० टक्क्यांच्या आसपास उरले. एवढे स्थित्यंतर या धुलाईवाचून घडणे कठीण होते.

आपल्याकडे बंगाल-ओरिसाच्या तळ्यांत रोहू-कटल्याला तांदळाचा कोंडा व मोहरीची पेंड घालण्याचा प्रघात जुना आहे. परंतु सर्वभक्षी माशांचीही या दाहातून सुटका नाही. युरोपातील सामान्य कार्प माशाला सोयापेंड दिली असता त्याचेही आतडे सुजले. मात्र खाद्य तेच चालू असताना चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून ते आपणहून निवळू लागले, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. सॅमनला ही सहनशीलता लाभलेली नाही. त्याच्यासाठी २०११ साली निराळाच उपाय पुढे आला: नैसर्गिक वायूवर वाढविलेल्या जीवाणूंचे चूर्ण पेंडीच्या जोडीला दिले असता, पेंड खाऊनही सॅमनचे आतडे निरोगी राहिले.