गावाकडून मुंबईला गेलेलं बाळ : एका खोलीच्या घरात त्याला रमवायचं कसं?

बाळंतपण माहेरी, गावात होतं. तीन-चार महिने झाले की आई बाळाला घेऊन मुंबईला परतते, मग ती अंधेरी-घाटकोपरची चाळ असो की बोरिवली-मुलुंडचा वन रूम किचन. गावात बाळाला रमवायला वेगळं काही करावं लागत नाही. कोंबड्या असतात, गोठा असतो, या कडेवरून त्या कडेवर फिरणं असतं. तिथे मात्र दार बंद, बाप ड्युटीवर आणि आई एकटी. बाळ किरकिरलं की मोबाइल पुढे येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना तर दोन वर्षांपर्यंत नको म्हणते. गावच्या आजी-आजोबांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. पण मोबाइल काढून घेतला, तर बाळाच्या हातात द्यायचं काय?

उत्तर स्वयंपाकघरात आहे. या वयातला खेळ म्हणजे हाताला लागणं, कानावर पडणं आणि तोंडात जाणं. स्टीलची वाटी, लाकडी पळी, प्लॅस्टिकचा डबा, धुतलेला सुती रुमाल, एवढं एका टोपलीत घालून बसत्या बाळासमोर ठेवलं तरी ते बराच वेळ रमतं. गार वाटी, खरखरीत पळी, आपटल्यावर वेगळा आवाज करणारा डबा. ब्रिटनमधल्या एलिनॉर गोल्डश्मीड यांनी हीच गोष्ट 'खजिन्याची टोपली' म्हणून मांडली. आपल्याकडे तिला नाव नव्हतं, एवढंच.

महाराष्ट्रात हा विचार जुना आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. गावातल्या मुलांसाठी महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा वर्गच त्यांच्या अंगणात नेला. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. ती मुलं मोठी होती, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. बी किंवा खडा तान्ह्याच्या हाती देता येत नाही.

तान्ह्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. त्यामुळे सुरुवातीचे महिने चेहरा आणि आवाज हेच खेळणं. बाळ जागं असताना त्याला थोडा थोडा वेळ पालथंही ठेवावं. रांगू न लागलेल्या बाळासाठी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास सांगितला जातो. इथे आजीची गोधडी कामाला येते. जुनं लुगडं, खणाचा तुकडा, टॉवेल, मऊ सुती साडी असे वेगवेगळे तुकडे जोडलेली गोधडी असली की हात फिरवायला तेवढंच पुष्कळ. टिकल्या, मणी, बटणं मात्र लावू नयेत.

उष्टावण झाल्यावर उकडलेल्या भोपळ्याची मऊ फोड किंवा गार झालेला मऊ भात ताटात द्यावा. बाळ कुस्करेल, माखेल, थोडं खाईलही. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं की झालं. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास झाकलेली वस्तू शोधण्यात मजा येते, म्हणून 'बुवा कुक' या वयात सर्वांत रंगतो.

आता धोक्याचं. डाळ, चणे, राजमा परातीत ओतून बाळाला खेळायला देण्याचे व्हिडिओ सर्रास फिरतात. ते करू नये. दाणा श्वासनलिकेत अडकला तर काही मिनिटांत जीव जातो. तसं झालं, बाळाला खोकता किंवा रडता येईना, तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात. तरीही सुटलं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबावं. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवावं, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. दिसत नसलेली वस्तू बोट घालून काढू नये, ती आणखी आत जाते.

मुंबईचा दुसरा धोका पाण्याचा. नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं, म्हणून मोरीत बादल्या आणि पिंपं भरलेली असतात. रांगतं बाळ बादलीत डोकावलं आणि तोल गेला, तर थोड्याशा पाण्यातही बुडतं. ताटलीत चार थेंब पाणी घेऊन थपथप करणं हा छान खेळ, पण मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, आणि मोरीचं दार बंद.

चाकांचा वॉकर घेऊ नये. कॅनडाने त्यावर २००४ मध्येच बंदी घातली. गावचा लाकडी पांगूळगाडा वेगळा, त्याच्यामागे बाळ स्वतःच्या पायांवर उभं असतं. लोकलमध्ये किंवा स्टेशनबाहेर खेळणं घेतलंच, तर आयएसआय खूण बघावी, ती २०२१ पासून सक्तीची आहे.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये आणलेल्या 'नवचेतना' आराखड्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचे खेळ महिन्यांनुसार दिले आहेत. उपनगरांतल्या वस्त्यांमध्येही अंगणवाड्या आहेत. गावातून गेल्यावर बाळाची तिथे नोंद करून सेविकेकडे हे खेळ विचारता येतात.