वरून सुकले, आत ओले

जबडा फार पुढे आलेला किंवा मागे राहिलेला असला, तर तो कापून जागेवर आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रूंनी बांधतात. परतूरच्या माणसाला अशा शस्त्रक्रियेसाठी रेल्वेने जालना ओलांडून छत्रपती संभाजीनगर गाठता येते. तिथे शासकीय दंत महाविद्यालय आहे. घरी परतल्यावर क्वचित कुणाच्या हाडातच पू होतो. जुन्या माणसांचा हाड्या व्रण तो हाच. त्या रुग्णासाठी चार ओळी रचल्या आहेत. हे त्यांचे भाष्य.

१. सूज उतरून पुन्हा चढली, ओठ पुन्हा बधिर झाला, तर हाडाचा संशय धरावा.

'पुन्हा' या पदावर सारा भर आहे. खालच्या जबड्यातून जाणारी नस शस्त्रक्रियेत ताणली जाते, म्हणून सुरुवातीची बधिरता अपेक्षितच. परत आलेली संवेदना पुन्हा गेली, की आतली सूज नसेवर दाब देत असावी. हा आजार बहुधा खालच्याच जबड्याला होतो. वरच्या जबड्याला रक्त भरपूर. खालच्याचे कवच जाड आणि त्याचे रक्त मुख्यतः एका धमनीवर अवलंबून. रक्त पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही.

'संशय' म्हटले, 'निदान' नव्हे. पुष्कळदा पू पट्टीभोवतीच्या मांसातच असतो. साधा एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे निर्दोष दिसू शकतो, म्हणून सीटी स्कॅन लागतो.

२. गोळीआधी नमुना.

शंका: पू दिसत असताना थांबायचे कशाला? उत्तर: गावातल्या दुकानातून आणलेल्या दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, पण नमुन्यात उगवेनासे होतात, मग नेमके औषध निवडायचे कशावरून? नमुनाही हाडातून घ्यावा, कारण तोंडातल्या पुसणीत साऱ्या तोंडाचे जंतू येतात. अपवाद एकच: गिळता येईना, श्वास अडू लागला, ताप चढला, तर घटकाही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे.

३. मेलेले काढावे, हललेले बांधावे.

माझ्या मते चारांतली ही ओळ सर्वांत मोलाची. रक्त तुटलेला हाडाचा तुकडा मरतो आणि जंतूंचे घर होतो. पट्टीवरही ते चिकट थर धरून बसतात. म्हणून पुवाला वाट देणे, मेलेले हाड खरवडून रक्त येणाऱ्या हाडापर्यंत जाणे, हा उपचाराचा कणा. प्रतिजैविक त्याच्या सोबतीला.

शंका: सुश्रुतापासून शल्य काढायला सांगतात, मग पट्टी आधीच का काढू नये? उत्तर: हाड जुळले असेल तर खुशाल काढावी. जुळले नसेल आणि पट्टी घट्ट असेल, तर ती राखावी. सैल असेल तर काढून दुसरी, अधिक बळकट बसवावी. हलणाऱ्या हाडात जंतुसंसर्ग टिकतो. स्थिर हाड पुवाच्या शेजारीही जुळू शकते.

४. बरे वाटले तरी सहा आठवडे.

प्रतिजैविकाची ही मुदत डॉक्टर कमी-जास्त करतील. सहा हा नेहमीचा अंदाज. 2019 साली ब्रिटनमधील 1054 रुग्णांच्या चाचणीत दिसले, की हाडा-सांध्यांच्या संसर्गात पहिल्या सहा आठवड्यांत नीट निवडलेल्या गोळ्या शिरेतल्या इंजेक्शनांपेक्षा उण्या ठरत नाहीत. ती हाडे प्रामुख्याने हातापायांची होती, हे विसरू नये. तरीही डॉक्टरांनी मान्य केले, तर परतूरच्या रुग्णाला सलाइनसाठी महिनाभर शहरात राहावे लागत नाही, ही केवढी सोय!

या काळात साखर ताब्यात हवी आणि तंबाखू पूर्ण बंद. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण घरच्यांनी खिसे तपासलेलेच बरे. चावता येत नाही म्हणून उपाशी ठेवू नये: ज्वारीची आंबील, दूध, पातळ वरण, गाळून.

तपासणीची तारीख सोयाबीनच्या काढणीत आली, तरी घरातला एक माणूस मोकळा करावा. रुग्ण एकटा गेला तर 'आता काही नाही' म्हणून परततो. उशीवर सकाळी दिसलेला पिवळा डाग घरच्यांना आठवतो.