चिमूटभर उजेड

नवा फोन घ्यायला गेलं की दुकानदार आधी मेगापिक्सेल सांगतो आणि आपण मान डोलावतो. पण मोबाइल कॅमेऱ्याचा इतिहास चाळला तर लक्षात येतं की मेगापिक्सेलचं काम त्यात तसं दुय्यमच आहे. खरी झटापट आहे ती उजेडाशी. ती एकदा समजली की फोटोच्या टिप्स पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात.

सुरुवात आपल्याच बिरादरीतल्या माणसापासून करू. ११ जून १९९७, सांताक्रूझ. (आपलं नव्हे, कॅलिफोर्नियातलं!) बोरलँड कंपनी काढणारा फिलिप कान प्रसूतिगृहात होता. बायकोला कळा सुरू, आणि हा पठ्ठ्या लॅपटॉप उघडून कोड लिहितोय. कॅसिओचा डिजिटल कॅमेरा, मोटोरोलाचा स्टारटॅक फोन आणि लॅपटॉप त्याने एकमेकांना जोडले. मुलगी झाली, फोटो निघाला आणि दोन हजारांवर लोकांना गेलासुद्धा! फोटो केवढा? ३२० बाय २४०, म्हणजे ७६,८०० पिक्सेल. एक मेगापिक्सेलच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पण क्षण पकडला गेला होता.

आता हे सगळं सामान एका फोनमध्ये कोंबायचं कसं? त्याचं उत्तर अंतराळाच्या कामातून आलं. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबमध्ये एरिक फॉसम यांना यानांसाठी लहान आणि कमी वीज खाणारे कॅमेरे हवे होते. तेव्हाच्या सीसीडी सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलमधला विद्युतभार हातोहात सरकवत कडेपर्यंत न्यावा लागे, आणि त्यात वीज बरीच जाई. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फॉसम यांच्या टीमने प्रत्येक पिक्सेललाच स्वतःचा अॅम्प्लिफायर दिला, तोही नेहमीच्या चिप बनवण्याच्या सीमॉस पद्धतीने. कॅमेरा चिपवर आला!

नोव्हेंबर २००० मध्ये जपानमध्ये शार्पचा जे-एसएच०४ आला. पहिला कॅमेरा फोन कोणता यावर वाद आहेत, पण फोटो काढून तिथल्या तिथे पाठवायची सवय लावण्यात याचा वाटा मोठा. १ लाख १० हजार पिक्सेल, आणि लेन्सशेजारी स्वतःचा चेहरा बघायला छोटासा आरसा. सेल्फी तिथपासून आहे म्हणायची!

मग मेगापिक्सेलची शर्यत लागली. २०१२ मध्ये नोकियाने ८०८ प्युअरव्ह्यूमध्ये चक्क ४१ मेगापिक्सेल दिले. गंमत म्हणजे हा फोन एरवी फोटो द्यायचा ५ मेगापिक्सेलचा. सात-आठ पिक्सेलचा उजेड गोळा करून त्यातून एक स्वच्छ पिक्सेल. म्हणजे आकडा जाहिरातीला, पण काम उजेडाचंच.

कारण दुखणं जागेचं आहे. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. २०१८ च्या पिक्सेल ३ सारख्या फोनचा सेन्सर जेमतेम साडेपाच बाय सव्वाचार. क्षेत्रफळ सुमारे पस्तीस पट कमी! चिमूटभर उजेडात भागवायचं, म्हणून अंधारात फोटोवर ते रंगीत ठिपके येतात.

यावरचा उपाय सॉफ्टवेअरचा, पण कल्पना दीडशे वर्षं जुनी. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाच्या काचांवर आकाश आणि पाणी एकाच वेळी नीट उमटत नसे. मग तो आकाशाची एक निगेटिव्ह, समुद्राची दुसरी अशा जोडून प्रिंट काढी. गूगलने २०१३ मध्ये नेक्सस ५ मध्ये एचडीआर प्लस आणलं, ते याच घराण्यातलं. फोन मुद्दाम थोडे काळपट असे बरेच फोटो पटापट घेतो, एकमेकांवर बसवतो आणि सरासरी काढतो. नऊ फोटोंची सरासरी घेतली तर नॉइज एक तृतीयांश होतो. २०१८ च्या नाइट साइटमध्ये ही फोटोंची संख्या पंधरापर्यंत गेली.

काळपट का? कारण अंधारातून काहीतरी उकरून काढता येतं, पण जे पांढरंफटक झालं तिथे माहितीच उरत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही.

आता बघा, टिप्स आपोआप येतात. लेन्स रुमालाने पुसा, बोटाचा तेलकट डाग आहे तोही उजेड विस्कटतो. माणसाला खिडकीसमोर पाठमोरं उभं करण्यापेक्षा खिडकीकडे तोंड करून उभं करा. दिव्यांचा फोटो घेताना ज्योतीवर बोट ठेवून उजेड जरा खाली ओढा. रात्री क्लिक केल्यावर लगेच हात हलवू नका, फोन अजून फोटो गोळा करतोय. दोन बोटांनी झूम करण्याआधी दोन पावलं पुढे जा, कारण लेन्सच्या आवाक्यापलीकडचा झूम म्हणजे नुसती कापाकापी.

बाकीचं गणित फोन करतो. उजेड कुठून येतोय हे मात्र अजून आपणच बघायचं. आजीचा हसरा चेहरा उन्हात पांढराफटक झाला, तर तिला पुन्हा तसंच हसायला कसं सांगणार?