सी.ए.चा रस्ता हट्ट्यापर्यंत कसा येतो?

जयंती झाल्यावर हट्ट्याच्या विहारात वर्गणीचा जमाखर्च वाचून दाखवला जात होता. मंडप, भोंगा, अन्नदान, शिल्लक. वाचन संपले तशी बारावी कॉमर्सची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "काका, हिशोब तपासून सही करणारा सी.ए. असतो ना, ते व्हायला काय करावं लागतंय?"

आमच्यात मास्तर होते, ग्रामसेवक होते, वकिली शिकणारा पोरगा होता. डी.एड., तलाठी, पोलीस भरती, एम.पी.एस.सी. सगळ्यांना तोंडपाठ. या एका प्रश्नावर मात्र आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे. त्यासाठी आधी हा रस्ता कोणी आणि कसा बांधला ते पाहावे लागेल.

गावगाड्यात हिशोबाची लेखणी कोणाकडे होती? पटवाऱ्याच्या दप्तरात आणि सावकाराच्या वहीत. आपल्या आजोबा-पणजोबांचा त्या वहीत फक्त अंगठा होता. व्याज किती झाले, फेड किती झाली, हे ज्याच्या हातात लेखणी तोच सांगणार. हिशोब ही सत्ता होती, आणि ती जातीने वाटून दिलेली होती.

इंग्रजी अमलात ही लेखणी जातीऐवजी प्रमाणपत्राशी जोडली जाऊ लागली. 1913 च्या कंपनी कायद्याने कंपन्यांचे हिशोब प्रमाणित लेखापरीक्षकाकडून तपासून घेणे आले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले. 1918 मध्ये मुंबईत जी.डी.ए. म्हणजे शासकीय लेखा पदविका सुरू झाली. मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी आणि परीक्षा, असा तो मार्ग होता. 1930 मध्ये सरकारने नोंदवही ठेवायचे ठरवले आणि 'रजिस्टर्ड अकाउंटंट' ही ओळख आली. 1932 मध्ये इंडियन अकाउंटन्सी बोर्ड झाले. स्वातंत्र्यानंतर 1949 चा चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा झाला आणि 1 जुलै 1949 रोजी आजची संस्था, आय.सी.ए.आय., उभी राहिली.

आता याच काळात बाबासाहेब कुठे होते ते पाहा. 1917 मध्ये बडोद्याची नोकरी सुटल्यावर त्यांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचे काम सुरू केले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले. जी.डी.ए. सुरू झाली त्याच 1918 साली ते सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पुढे 1925 ते 1928 या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवत होते. म्हणजे या देशात लेखापाल घडवण्याची व्यवस्था उभी राहत होती, तेव्हा तिच्या वर्गात बाबासाहेब शिक्षक म्हणून उभे होते. ही गोष्ट आपल्या जयंतीच्या भाषणात सहसा येत नाही.

30 मे 1949 रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या कलमावर बोलताना, हा संविधानातला कदाचित सर्वात महत्त्वाचा अधिकारी आहे, अशा अर्थाचे मत त्यांनी मांडले. ज्याच्या हाती हिशोब तपासण्याचा अधिकार तोच सरकारला जाब विचारू शकतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. 1953 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत कॉमर्ससाठी स्वतंत्र सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते उगाच नव्हे.

मग हट्टा मागे का राहिला? पहिले कारण भूगोलाचे. 1918 मध्ये हट्टा निजामाच्या राज्यात होता. मुंबईचा कायदा आणि मुंबईची पदविका आपल्यासाठी परमुलखातली होती. उस्मानिया विद्यापीठही 1918 चेच, पण शिकवण्याची भाषा उर्दू. 1950 मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढले, तेव्हा कुठे मराठवाड्यातल्या आपल्या पोरांना उच्च शिक्षणाचे दार दिसले. त्या दारातून मास्तर, वकील, अधिकारी, लेखक निघाले. जिथे राखीव जागा होती तिकडे समाज गेला, आणि ते योग्यच होते. सी.ए.ला मात्र राखीव जागा नाही. पास व्हा आणि नाव नोंदवा, एवढेच.

यावर काही मित्र म्हणतात, "पेपरवर रोल नंबर असतो, जात नसते. मग तक्रार कशाची?" परीक्षा जात विचारत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण या रस्त्यावर परीक्षेशिवाय आणखी तीन फाटके आहेत.

पहिले फाटक आर्टिकलशिपचे. 1918 पासून आजपर्यंत सगळे बदलले, पण कोणाच्या तरी ऑफिसात उमेदवारी करण्याची अट टिकली. ऑफिस मिळते ओळखीने. मामा-काका या धंद्यात असलेल्याला ते घरबसल्या मिळते. आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा बदलतो, हा अनुभव असलेल्यांना ते दार किती जड असते ते ठाऊक आहे.

दुसरे फाटक पैशाचे. सुरुवातीच्या काळात उमेदवारच सी.ए.ला 'प्रीमियम' देत असे. आज उलट त्याला स्टायपेंड मिळतो. ही सुधारणा खरी. पण किमान स्टायपेंड शहराच्या लोकसंख्येवर ठरतो. शहर लहान तेवढा तो कमी. पुण्यात राहावे तर खोलीभाडे परवडत नाही, परभणी-नांदेडला राहावे तर स्टायपेंड पुरत नाही.

तिसरे फाटक भाषेचे. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. गंमत अशी की महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात लेखापरीक्षकाला मराठीचे कामचलाऊ ज्ञान असावे अशी अट आहे. तपासायची वही मराठीत, तपासणारा होण्याची परीक्षा मात्र मराठीत नाही! ही मागणी आता कोणीतरी लावून धरली पाहिजे.

पोरी, आता तुझे उत्तर. 2006 मध्ये सी.पी.टी. आली, 2017 मध्ये तिच्या जागी फाउंडेशन आली. बारावीनंतर फाउंडेशनचे चार पेपर, मग इंटरचे सहा, मग आर्टिकलशिप, मग फायनलचे सहा. प्रत्येक पेपरात 40 टक्के आणि एकूण 50 टक्के लागतात. 2012 पासून पदवीधरांना थेट इंटरला प्रवेश आहे: कॉमर्सवाल्यांना 55 टक्के, इतरांना 60 टक्के. 2023 च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनवरून दोन वर्षांवर आली, पण ती इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच सुरू होते. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या यादीत सी.ए.चे नाव आहे. तिची चौकशी आता आम्ही करणार.

एक जवळची वाटही आहे. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, आणि तीही मराठीतून. ती पदविका आणि संस्थांच्या लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव असेल तर प्रमाणित लेखापरीक्षक होता येते. गावची सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था यांच्या वह्या तपासण्याचा अधिकार त्यातून मिळतो. ज्या सोसायटीच्या दारात आपले लोक कर्जासाठी उभे राहिले, तिची वही आपल्या मुलीने उघडावी, यापेक्षा मोठे परिवर्तन ते कोणते?

समाजातल्या नोकरदारांना आमचे सांगणे आहे. वर्गणीतला एक हिस्सा पुस्तकांना आणि परीक्षेच्या फीला ठेवा. आपल्यातला जो कोणी सी.ए. झाला असेल त्याने आपल्या ऑफिसात एक खुर्ची गावच्या पोरासाठी रिकामी ठेवावी. राखीव जागा कायद्यात नसेल तर ती आपण आपल्या ऑफिसात करू शकतो.

आणि पुढच्या जयंतीचा जमाखर्च त्या मुलीनेच लिहायचा, हे विहारात ठरले आहे. पेन तिच्या हातात दिला आहे.

जय भीम!