‘एक मे’ कोणता?

* मजकुरातला ‘एक मे’ १९६०चा नव्हे, १९९९चा. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झालं. त्याच तारखेला, ३९ वर्षांनी, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि कनेरगाव नाका हे गाव नव्या जिल्ह्यात आलं. याला योगायोग म्हणू नये. महाराष्ट्रदिनी जिल्हे जन्माला घालायची सरकारला हौसच दिसते: जालना आणि सिंधुदुर्ग १९८१चे, गोंदिया हिंगोलीच्याच दिवशीचा. शेजारचा वाशीम मात्र १ जुलै १९९८चा.

खरी गुंतागुंत १५ ऑगस्टची आहे. हिंगोली निजामाच्या मुलखात, वाशीम वऱ्हाडात. वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच, पण १८५३पासून कारभार इंग्रजांच्या हाती. म्हणून १९४७ साली वाशीमकडे तिरंगा चढला तेव्हा हिंगोलीकडे निजामशाहीच होती. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्याचा मुक्तिदिन तो हाच. त्यामुळे पुढील प्रकरणांत कुणी ‘स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी’ म्हणालं, तर बोलणारा सरहद्दीच्या कोणत्या बाजूचा हे वाचकाने आधी पाहावं.
— संपा.